पायांना घाई कळत नाही

गेला दीड महिना आमच्या घरात पहाटे कुणाचं पाऊल वाजलेलं नाही. त्याआधी वर्षभर पावणेपाचला न्हाणीतला दिवा लागायचा, पाण्याचा आवाज यायचा आणि मग दाराची कडी वाजायची. नातू पोलीस भरतीची तयारी करत होता. अमरावतीत किंवा अकोल्यात पहाटे कुठल्याही मैदानाकडे जा, अशी कितीतरी पोरंपोरी धावताना दिसतील. कुणाच्या पायात महागडे बूट, कुणाच्या पायात शाळेतले उरलेले कॅनव्हास, तर कुणी चक्क अनवाणी. मैदानी चाचणी पन्नास गुणांची, त्यात मुलांना १६०० मीटर धावण्याचे वीस गुण. एका गुणानं नोकरी हुकते, हे आता आमच्यासारख्या म्हाताऱ्यांनाही पाठ झालंय.

नातवाच्या उजव्या पायाच्या हाडाला बारीक चीर गेली. बोटांच्या मागे पायाच्या पाठीवर जी लांब हाडं असतात ना, त्यातलं एक. साध्या एक्स-रेत काही दिसलं नाही, एमआरआय केल्यावर कळलं. डॉक्टर म्हणाले, सहा ते आठ आठवडे धावायचं नाव काढू नकोस. चाचणी अठरा दिवसांवर आली होती. ती गेली.

हे मी त्याची कीव यावी म्हणून लिहीत नाही. या प्रकरणात माझाही हात आहे. हात नव्हे, तोंड!

झालं असं. चाचणीच्या दोन महिने आधी त्यानं मोबाइलवर कसलेसे व्हिडिओ पाहिले आणि पातळ तळाचे बूट मागवले. या बुटांना मिनिमलिस्ट शूज म्हणतात. तळ इतका पातळ की बूट हातात घेऊन पुरणपोळीसारखा दुमडता येतो. टाच उचललेली नाही, आत मऊ गादी नाही आणि पुढे बोटांना पसरायला ऐसपैस जागा. पायाला आपण अनवाणी आहोत असं वाटावं, फक्त काटा-काच लागू नये, एवढंच त्या बुटाचं काम. मला तो बूट बघताक्षणी आवडला.

"आजी, हे पाह्य. आता मी तुह्यासारखा धावतो," तो म्हणाला.

"मी तर केव्हापासून सांगतेय बापू," मी म्हटलं. "पायाखाली गाद्या घालून कुणी पहिलवान झालाय का?"

झालं! आजीचा शिक्का बसला. दुसऱ्याच दिवशी जुने जाड बूट त्यानं शेजारच्या पोराला देऊन टाकले आणि नव्या बुटात रोजचे सहा किलोमीटर सुरू केले, तेही डांबरी रस्त्यावर. पहिल्या आठवड्यात पोटऱ्या इतक्या दुखल्या की जिना उतरताना कठड्याला धरून उतरायचा. "सवय होतेय" म्हणाला. मीही "होईल" म्हटलं. तिसऱ्या आठवड्यात पायाच्या पाठीवर एका जागी दुखू लागलं. बोट ठेवलं की तिथेच दुखायचं, आजूबाजूला नाही. त्यावर बाम चोळून तो आणखी दोन आठवडे धावला. पुढचं वर सांगितलंच आहे.

दवाखान्यातून घरी आल्यावर तो खाटेवर बसला आणि शांतपणे म्हणाला, "तू तं म्हणत होती नं आजी, अनवाणी धावलं का पाय मजबूत होते म्हणून."

त्याच्या आवाजात राग नव्हता, म्हणूनच ते जास्त लागलं. मी चौतीस वर्षं शिकवलं. मुलं आपलं बोलणं खरं मानतात, ही शिक्षकाला मिळालेली सगळ्यात मोठी आणि सगळ्यात धोक्याची गोष्ट असते. तेव्हा मी काय चुकीचं बोलले आणि काय बरोबर, हे तपासून पाहणं मला भाग होतं. सध्या वेळच वेळ आहे. नातवाकडूनच काही काही शोधून घेतलं, समजून घेतलं. त्यातून माझं जे मत बनलं ते मांडते.

आधी माझं बरोबर काय होतं ते.

माझं बालपण मूर्तिजापूरजवळच्या एका खेड्यात गेलं. सातवीपर्यंत मी अनवाणीच होते. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल पायाला असा चिकटायचा की घरी येईस्तोवर पायांना मातीचेच बूट व्हायचे. हिवाळ्यात सराटे, उन्हाळ्यात फुफाटा. बाभळीचा काटा मोडला तर आई सुईनं काढायची आणि वर गूळ-हळदीचा चटका द्यायची. हायस्कूलला गेले तेव्हा पी.टी.साठी पांढरे कॅनव्हासचे बूट मिळाले. शनिवारी त्यांना खडू चोळून पांढरं करायचं आणि सोमवारी ते पुन्हा काळे! त्या बुटाचा तळ म्हणजे रबराची एक पातळ चकती. आज हजारो रुपये मोजून 'मिनिमलिस्ट' म्हणून जो बूट घेतात, त्याचा गरीब चुलतभाऊच तो. आम्ही त्यातच धावलो, लंगडी-खोखो खेळलो, आणि पायाला काही झाल्याचं आठवत नाही.

आता शास्त्र काय म्हणतं ते ऐका. हार्वर्ड विद्यापीठातले डॅनियल लिबरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक अभ्यास २०१० साली 'नेचर' या नियतकालिकात आला. लहानपणापासून अनवाणी धावणाऱ्यांचं पाऊल बहुधा पुढच्या भागावर, म्हणजे चवड्यावर पडतं, आणि जाड बूट घालणाऱ्यांचं बहुधा टाचेवर, असं त्यांना दिसलं. टाच आपटली की एक दणका गुडघ्याकडे चढतो. चवड्यावर उतरलं की घोटा आणि पोटरी स्प्रिंगसारखी दबते आणि तो दणका जवळजवळ नाहीसा होतो. तुम्ही घरातल्या फरशीवर चार पावलं अनवाणी धावून बघा. टाच आपटायला पाय आपणहून नकार देतो. जाड टाचेचे धावण्याचे बूट साधारण १९७० नंतर बाजारात पसरले. त्याआधी जगभरचे धावणारे पातळ तळाच्याच बुटांत धावत होते.

दुसरा अभ्यास आपल्याच देशातला, आणि मला शिक्षिका म्हणून तो फार महत्त्वाचा वाटला. मणिपालच्या कस्तुरबा मेडिकल कॉलेजमधल्या राव आणि जोसेफ या दोन डॉक्टरांनी ४ ते १३ वर्षांच्या २३०० मुलांच्या पावलांचे ठसे तपासले. ते काम १९९२ साली प्रसिद्ध झालं. पादत्राणं वापरणाऱ्या मुलांत सपाट पायाचं प्रमाण ८.६ टक्के निघालं आणि अनवाणी मुलांत २.८ टक्के. त्यातही पुढून बंद असलेले बूट घालणाऱ्यांत ते सगळ्यात जास्त होतं, सँडल आणि चपला घालणाऱ्यांत कमी. लहानपणी पायाची कमान आपली आपण घडत असते, तिला बंद पेटीत ठेवू नये, एवढा त्याचा अर्थ. बालवाडीतल्या तीन वर्षांच्या पोरांना दिवसभर काळे बूट आणि मोजे घालून बसवणाऱ्या शाळांनी तरी हा आकडा वाचावा.

आपल्या अमरावतीला तर हे वेगळं सांगायची गरज नाही. इथलं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ साली वैद्य बंधूंनी सुरू केलं. १९३६ साली बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी मंडळाच्या पथकानं तिथे जाऊन कबड्डीसारख्या आपल्या खेळांची प्रात्यक्षिकं दाखवली. मल्लखांब अनवाणी, कुस्ती अनवाणी, मातीवरची कबड्डीही अनवाणी. आखाड्यात शिरताना वहाणा बाहेर काढायच्या हे सांगावं लागत नसे. मल्लखांबावर तर पायाचा अंगठा आणि शेजारचं बोट हाताच्या चिमटीसारखं काम करतं. पायात २६ हाडं असतात. ती काही नुसती बुटात भरून ठेवण्यासाठी दिलेली नाहीत.

इथपर्यंत माझं बरोबर होतं. आता चुकलं कुठे?

पहिली चूक अशी की मी माती विसरले. आम्ही धावलो ते वावरातून, पांदणीतून, शाळेच्या मैदानावरून. आखाड्यातली माती तर खणून, चाळून, तेल-ताक घालून लोण्यासारखी केलेली असते. ती गादीच की! फक्त ती बुटात नव्हती, जमिनीत होती. नातू धावला तो डांबरावर आणि सिमेंटच्या रस्त्यावर. आमची जमीन त्याला मिळाली नाही आणि त्याचे बूट मी काढून घेतले.

दुसरी चूक त्याहून मोठी. मी वर्षं विसरले. आमचे पाय अनवाणी झाले नव्हते, ते अनवाणीच होते. पहिलं पाऊल टाकल्यापासून ती हाडं, त्या शिरा, तो तळवा त्याच कामावर वाढला. नातू वयाच्या तिसऱ्या वर्षापासून बुटात आहे. एकोणीस वर्षं त्याच्या पायांना कुणी काम सांगितलं नाही, आणि एका सोमवारी अचानक म्हटलं, चला, सहा किलोमीटर! वर्गातल्या मागच्या बाकावरच्या पोराला वर्षभर काही न विचारता एकदम बोर्डाच्या परीक्षेला बसवण्यासारखंच झालं हे. तो नापास झाला तर दोष पोराचा म्हणायचा का?

हाडाची गंमत मला आताच कळली. जास्त भार आला की शरीर हाड मजबूत करायला घेतं. पण ते करताना आधी जुनं हाड थोडं कोरून काढतं आणि मग तिथे नवं भरतं. घराची भिंत पक्की करायची म्हणून आधी जुन्या विटा काढतात तसं. म्हणजे मधले काही आठवडे ते हाड आधीपेक्षाही नाजूक असतं. स्नायू काही आठवड्यांत तयार होतात, दमही वाढतो, त्यामुळे माणसाला वाटतं, जमलं! पण हाडाला महिने लागतात. नातवाची चीर बरोबर त्या मधल्या काळातली.

आणि हे त्याच्या एकट्याच्या नशिबी आलं असंही नाही. २०१३ साली अमेरिकेतल्या ब्रिघम यंग विद्यापीठात सॅरा रिज आणि सहकाऱ्यांनी ३६ अनुभवी धावपटू घेतले. त्यातल्या काहींना दहा आठवड्यांत हळूहळू पातळ बुटांवर आणलं आणि बाकीचे आपल्या नेहमीच्या बुटात धावले. पातळ बुटांच्या गटातल्या १९ पैकी १० जणांच्या पायाच्या हाडात सूज वाढलेली दिसली, दुसऱ्या गटातल्या १७ पैकी एकाच्या. दहा आठवडे हळूहळू करूनही हे! माझ्या नातवानं तर एक दिवसही घेतला नव्हता.

पण याच रिजबाईंचा दुसरा अभ्यास २०१९ साली आला. त्यात लोकांना पातळ बुटात धावायला नाही, नुसतं चालायला सांगितलं होतं. आठ आठवड्यांत त्यांच्या पायाचे स्नायू पायाचे खास व्यायाम करणाऱ्यांइतकेच बळकट झाले. बूट पातळच, पण कामाचा बोजा वेगळा. मला वाटतं सगळं सार या दोन अभ्यासांत आलं. बूट वाईट नाही आणि बूट जादूही नाही. जादू म्हणून विकायला गेलं की काय होतं तेही घडून गेलंय. पाच बोटांचे बूट काढणाऱ्या व्हिब्रम कंपनीवर अमेरिकेत दावा झाला होता की बुटाचे फायदे पुराव्याशिवाय सांगितले. कंपनीनं चूक मान्य केली नाही, पण २०१४ साली साडेसदतीस लाख डॉलर बाजूला ठेवून तडजोड केली.

या विषयात सगळे जण इथिओपियाच्या अबेबे बिकिलाचं नाव घेतात. मीही शाळेत घ्यायची. १९६० च्या रोम ऑलिम्पिकमध्ये तो अनवाणी धावला आणि २ तास १५ मिनिटे १६ सेकंदांत मॅरेथॉन जिंकला. काय टाळ्या मिळायच्या वर्गात! पण पुढची गोष्ट मी कधी सांगितली नाही. १९६४ साली टोकियोत तोच बिकिला बूट घालून धावला, पुन्हा जिंकला आणि आधीपेक्षा तीन मिनिटं कमी वेळात. पहिली गोष्ट सांगून दुसरी गाळणं म्हणजे अर्धा धडा शिकवणं.

आपल्याकडचं उदाहरणही असंच आहे. १९१९ साली पुण्याला डेक्कन जिमखान्याच्या स्पर्धेत शेतकऱ्यांची पोरं अनवाणी धावताना पाहून दोराबजी टाटा थक्क झाले, आणि त्यातून १९२० च्या अँटवर्प ऑलिम्पिकला भारतातून खेळाडू पाठवायचं ठरलं. बेळगावकडचे फडेप्पा चौगुले तिथे मॅरेथॉनमध्ये १९ वे आले. अभिमान वाटावा अशीच गोष्ट. पण ती पोरं अनवाणी होती म्हणून चांगली धावली, की चांगली धावणारी होती आणि त्यांच्याकडे बूट नव्हते? हा प्रश्न मी कधी विचारलाच नव्हता.

तो विचारायला हवा होता. मला तो शिकवणारी मुलगीही भेटली होती. साल नेमकं आठवत नाही, १९८५-८६ असावं. मी तेव्हा अकोला जिल्ह्यातल्या एका गावी शाळेत होते. तालुक्याच्या स्पर्धेत आमची एक आठवीतली पोरगी अनवाणी धावून पहिली आली. दुसऱ्या दिवशी प्रार्थनेच्या वेळी मी तिला पुढे उभं केलं आणि मोठ्या तोंडानं सांगितलं, "बघा, बुटावाल्या मुली मागे राहिल्या! ही अनवाणी धावली म्हणून जिंकली." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मधल्या सुट्टीत ती माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, "बाई, मले चप्पलच नाही."

पुढच्या पगाराला मी तिला चप्पल घेऊन दिली. त्यात मोठेपणा काही नाही. तिच्या नसण्याला मी गुण म्हणून मिरवलं होतं, ते त्या चपलेनं पुसलं जात नाही.

बुलढाणा जिल्ह्याच्या मूळच्या लता भगवान करे तुम्हाला आठवत असतील. २०१४ च्या सुमारास बारामतीच्या मॅरेथॉनमध्ये साठी ओलांडलेली ही बाई नऊवारीत, अनवाणी धावली आणि ज्येष्ठांच्या गटात पहिली आली. कशासाठी? नवऱ्याच्या तपासणीला पैसे नव्हते म्हणून. पुढे त्यांच्यावर चित्रपट निघाला, त्यात त्यांनी स्वतःची भूमिका स्वतःच केली. आपण सगळ्यांनी त्यांच्या पायांचं कौतुक केलं. पण तो धावण्याचा छंद नव्हता. आणि आपल्याच राज्यातल्या खेड्यांत असेही दिवस होते, की काही माणसांना विशिष्ट गल्लीतून जाताना पायातली वहाण काढून हातात घ्यावी लागे. त्यांच्या लेकरांना जाऊन 'अनवाणी किती नैसर्गिक' म्हणून सांगायला कुणाची जीभ धजेल? ज्याच्याकडे बूट आहे त्यानं तो काढणं ही आवड झाली. ज्याला तो मिळालाच नाही, किंवा घालू दिला नाही, त्याचं अनवाणीपण निराळं. दोन्हींना एकच नाव देऊ नये.

याच शहरात तपोवन आहे. डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी १९४६ साली कुष्ठरुग्णांसाठी उभं केलेलं. शाळेची सहल घेऊन मी तिथे गेले आहे. कुष्ठरोगात तळव्याची संवेदना जाते. वेल्लोरला काम केलेल्या डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवून दिलं की त्या जखमा रोग मांस खातो म्हणून होत नाहीत, तर दुखत नाही म्हणून होतात. खडा रुतला तरी कळत नाही, माणूस त्यावरच चालत राहतो. म्हणून अशा रुग्णांना आत मऊ रबर असलेली एमसीआर चप्पल देतात. मधुमेहानं ज्यांचे तळवे बधिर झालेत त्यांनाही हेच लागू, आणि माझ्या वयाच्या वाचकांत असे बरेच असतील. त्यांनी अनवाणी चालण्याच्या नादाला मुळीच लागू नये. रोज रात्री तळवे बघावेत, दिसत नसतील तर आरसा घ्यावा, आणि पादत्राण डॉक्टरांना विचारून घ्यावं.

तपोवनातल्या त्या पायांची आठवण झाली तेव्हा मला पातळ बुटांचा खरा उपयोग कळला. पायाला जमीन कळावी, एवढाच तो उपयोग. आणि जमीन कळते कशानं? दुखण्यानं! पातळ बूट म्हणजे पायाचं बोलणं ऐकू येणारा बूट. मग पाय तिसऱ्या आठवड्यात ओरडून सांगत होता तेव्हा त्यावर बाम चोळून धावत राहणं म्हणजे काय? कान उघडे ठेवायचे, पण ऐकायचं नाही! माझ्या नातवाला गादी नको होती, पण गादीचा बधिरपणा त्याच्या डोक्यात तसाच राहिला होता. आणि माझ्याही.

श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी अकोल्यात राजराजेश्वराला कावड येते. गांधीग्रामहून पूर्णेचं पाणी खांद्यावर घेऊन पोरं सुमारे अठरा किलोमीटर अनवाणी चालत येतात. लहानपणापासून मी ते बघत आले. त्यात एक गोष्ट लक्षात येते. जुने कावडवाले घाई करत नाहीत. ते रस्त्याच्या कडेनं, मातीवरून, एका लयीत चालतात, खांदा बदलतात, थांबतात. नवी पोरं पहिल्या दोन कोसांत पळतात आणि शहरात शिरताना फोड घेऊन लंगडतात. भक्ती दोघांची सारखीच असते, फरक पायाला दिलेल्या वेळात असतो.

तेव्हा मैदानावर धावणाऱ्या पोरांना, आणि त्यांच्या आज्या-आजोबांनाही, माझं सांगणं थोडक्यात असं.

भरतीची किंवा कुठलीही चाचणी चार-सहा महिन्यांच्या आत असेल तर बूट बदलू नका. ज्यात सवय आहे त्यातच धावा. बदल करायचा तो चाचणी झाल्यावर. करायचाच असेल तर सुरुवात घरातून करा. पहिला महिना फक्त चाला, घरात अनवाणी आणि बाहेर पातळ बुटात. रोज टाचा उचलून चवड्यावर उभं राहायचं आणि सावकाश खाली यायचं, हे पंधरा-वीस वेळा. जमिनीवर टॉवेल पसरून तो बोटांनी गोळा करायचा. पोरं हसतील, हसू द्या. मग मातीच्या मैदानावर, नेहमीचं धावणं संपल्यावर, पाच मिनिटं पातळ बुटात हळू धावायचं, तेही एक दिवसाआड. दर आठवड्याला दोन-तीन मिनिटं वाढवायची, जास्त नाही. जुने बूट कुणाला देऊन टाकू नका! बाकीचं धावणं त्यातच चालू द्या. पावलं छोटी आणि जलद टाका. पोटरी दोन्ही पायांत सारखी आणि बोथट दुखली तर एक-दोन दिवस विश्रांती घ्या. पण हाडावर एका बोटाएवढ्या जागी दुखलं तर तिथेच थांबायचं आणि डॉक्टरांकडे जायचं. पूर्ण बदलाला सहा महिने, वर्षही लागेल. काहींना तो मानवणारच नाही, तर त्यांनी जाड बुटात धावावं. त्यात कमीपणा नाही. वऱ्हाडच्या मे महिन्यात दुपारच्या डांबरावर तर कुणीच शहाणपणा दाखवू नये.

आणि नवे बूट घ्यायलाच हवेत असंही नाही. मेक्सिकोच्या डोंगरातले ताराहुमारा लोक टायरच्या तुकड्याला चामड्याची वादी बांधून कितीतरी मैल धावतात. त्यांच्यावर २००९ साली इंग्रजीत पुस्तक आलं आणि जगभर पातळ बुटांची लाट उसळली. टायरची चप्पल! आमच्याकडे आठवडी बाजारात ढिगानं मिळायची, माझे वडील तीच घालून वावरात जायचे. त्यांना कुणी मिनिमलिस्ट म्हटलं नाही.

असो. नातवाची चीर भरत आली आहे. गेल्या आठवड्यात डॉक्टरांनी चालायला परवानगी दिली. पुढची भरती निघेल तेव्हा निघेल. त्याचे ते पातळ बूट मी कपाटात ठेवून दिले होते. परवा त्यानं मागितले. द्यावेत की नाही, मी घुटमळले.

"धावत नाही वं आजी," तो म्हणाला. "अंगणातच चालतो. दहा मिनिटं."

मी बूट दिले. मग मीही चप्पल काढली आणि त्याच्यासोबत अंगणात चालले. मला मधुमेह नाही आणि तळव्याला अजून खडा टोचतो, या दोन्हींसाठी देवाचे आभार. दहा मिनिटं झाल्यावर तो आणखी एक फेरी मारायला निघाला, तेव्हा मी घड्याळ दाखवलं. आजीचं तोंड या वेळी तरी कामी आलं. तो थांबला.